पितळेला सोल्डर का धरत नाही
तुम्ही लिहिलंय की २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने (सोल्डर वितळवायचं विजेचं हत्यार) पितळी कडी जोडताना सोल्डरचे (धातू जोडायला वितळवतात तो मऊ मिश्रधातू) नुसते गोळे होतात आणि गळून पडतात, तर सोल्डर बदलून काही होणार नाही, आधी पितळ घासा. मुंबईच्या हवेत, त्यात पावसाळ्यात, पितळ लगेच काळवंडतं, त्या थरावर सोल्डर बसतच नाही. बारीक पॉलिश पेपरने चकचकीत करा, मग बोट न लावता फ्लक्स (सोल्डर नीट पसरून धरावं म्हणून लावतात ती पेस्ट) लावा. दुसरं म्हणजे ६०/४० सोल्डर (६० टक्के कथील, ४० टक्के शिसं) साधारण १९० डिग्रीला पूर्ण वितळतं पण जाड पितळ सगळी उष्णता पिऊन टाकतं, म्हणून ६० वॅटचं आयर्न घ्या, मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात कुठेही मिळेल. आयर्नच्या टोकाने पार्ट तापवायचा, सोल्डर पार्टला लावायचं, टोकाला नाही!! पकडायला कपड्यांचा लाकडी चिमटा बेस्ट, लोखंडी पक्कड उष्णता खेचते. अ‍ॅल्युमिनियमच्या वगैरे नादी लागू नका, त्याला हे साधं सोल्डर धरत नाही. आणि हो, या सोल्डरमध्ये शिसं असतं, खाण्यापिण्याच्या भांड्याला अजिबात लावायचं नाही, आणि खिडकी उघडी ठेवा, फ्लक्स जळून निघणारा धूर घशाला फार लागतो.