मदत हवी आहे : चिकाटी आणि आशेच्या प्रश्नावलीची मराठी

सोलापुरातल्या पदवीच्या मुलामुलींसाठी चिकाटी, आशा आणि उदासी यांचा संबंध तपासणारी प्रश्नावली बसवतोय. चिकाटीची ८ विधानं, मानसशास्त्रज्ञ स्नायडर यांच्या आशामापनाची १२ (त्यांतली ४ नुसती भरतीची, गुण नाहीत) आणि उदासी मोजणारी नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९.

अडतंय ते भाषेत. ‘अपयशाने मी खचत नाही’ अशा धाटणीच्या वाक्यापुढे ‘अजिबात लागू नाही’ हा पर्याय आला की दोन नकार भिडतात आणि खचलेलं पोर चिकाटीचं म्हणून मोजलं जातं. ‘आशा’ म्हटलं की मुलं देवावरचा भरवसा समजतात. स्नायडर यांना मात्र दोन गोष्टी अभिप्रेत आहेत : ध्येयाची ओढ, आणि एक वाट बंद झाली तर दुसरी सुचणं. हे दोन्ही वेगळे उतरतील असे साधे शब्द सुचवा.

पूर्व भागातल्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या ८-१० विद्यार्थ्यांकडून विधानं मोठ्याने वाचून अर्थ विचारायचा आहे. मूळ इंग्रजी न पाहिलेले, उलट भाषांतर (मराठीवरून पुन्हा इंग्रजी) करणारे दोघंही हवेत.

सगळ्यात महत्त्वाचं, पीएचक्यूचा नववा प्रश्न : मरणाचे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येतात का. तिथे शून्याखेरीज काहीही आलं तर त्याच दिवशी समुपदेशकाने बोलायला हवं. बेनामी फॉर्ममध्ये ते जमत नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ छापतोय, पण तेवढ्यावर भागणार नाही. नाव गुप्त ठेवून विद्यार्थ्यापर्यंत पोचायची पद्धत कुणी बसवली आहे का? कृपया नेमके टप्पे लिहा.