मदत हवी आहे : इलेक्ट्रिक कुकरमध्ये वरण-भाताला वेळ किती लावता?

नमस्कार मंडळी,
आईला गॅसपाशी फार वेळ उभं राहवत नाही, म्हणून सहा लिटरचा इलेक्ट्रिक प्रेशर कुकर घेतलाय. पुस्तिका वाचली, नुसतं पाणी घालून चालवूनही पाहिला. रबर, झडप सगळं ठीक आहे. घोडं अडलंय ते वेळेवर. आमचा सगळा हिशेब शिट्ट्यांचा, आणि हा बाबा मुकाट! शिवाय गॅसवरच्या कुकरात दाब साधारण १५ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच), यात बरेचदा १० ते १२. म्हणजे वेळ जास्त लागणार हे कळतं, पण किती?

खाली तूरडाळ, वर आंबेमोहोर असे डबे एकदम लावता का? आमच्याकडे डाळ बोटाखाली मऊ होईपर्यंत तांदळाचा पार गिचका होतो. डाळ आधी भिजवावी की भाताला पाणी कमी करावं? दाब आपोआप उतरू द्यायचा हे डाळीच्या बाबतीत पटतं, नाहीतर झडपेतून फेस ओट्यावर. पण भात तेवढ्यात जास्त शिजत नाही का?

आणि मध्येच वीज गेली तर वेळ पुन्हा पहिल्यापासून लावायची का?

पाककृतींचे व्हिडिओ नकोत, पाहून झालेत. तुमच्या घरी रोज चालतं ते वाटीचं माप आणि मिनिटं सांगा.