प्रतिसाद : निळूभाऊंना बायका शिव्या द्यायच्या, ही दाद होती

निळू फुले म्हटलं की पडद्यावरचा खलनायकच आठवतो, असं या चर्चेत एकांनी लिहिलंय. आमच्या मित्रमंडळींच्या आठवणींतही आधी तोच येतो. परभणीकडचा एक मित्र सांगतो, जत्रेतल्या टुरिंग टॉकीजमध्ये त्याची आजी पुढे घोंगडी टाकून बसायची. निळूभाऊ धोतराचा सोगा धरून, मान तिरकी करून नुसते बघायला लागले, की ही ओरडायची, "मुडद्या, वाटोळं होईल रे तुझं!" संवाद अजून सुरूही झालेला नसायचा! नुसत्या नजरेवर एवढा राग ओढवून घेणारा नट मी तरी दुसरा पाहिला नाही.

पण बीडच्या मैत्रिणीला आठवतो तो १९७९च्या 'सिंहासन' चित्रपटातला पत्रकार दिगू टिपणीस. सगळं राजकारण जवळून बघणारा आणि शेवटी वेड्यासारखा हसत सुटणारा. 'सामना' चित्रपटातला साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटील आणि हा दिगू एकाच माणसाने केलेत, हे तिला आधी पटेचना.

खरा माणूस तर आणखी वेगळा. राष्ट्र सेवा दलात घडलेला, पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केलेला, अंधश्रद्धा निर्मूलनासाठी उभा राहणारा. १३ जुलै २००९ला ते गेले. ती बातमी ऐकून परभणीकडच्या मित्राची तीच आजी म्हणाली, "माय, लई गुणाचं लेकरू होतं."