ब्लॅकआउटला 'निष्प्रदीप' म्हणावं का?

प्रश्न (कोथरूड): मुलीच्या शाळेतल्या हस्तलिखितासाठी १९७१ च्या युद्धावर लेख लिहितोय. 'ब्लॅकआउट'साठी 'निष्प्रदीप' हा शब्द मिळाला. तो चालेल का? आणि 'कॅमफ्लाज'ला काय म्हणायचं?

उत्तर (नारायण पेठ): 'निष्प्रदीप' चुकीचा नाही. निष्फळ, निष्पाप यांच्याच घडणीचा आहे. पण तो विशेषण म्हणून जास्त शोभतो: 'निष्प्रदीप शहर', 'रस्ते निष्प्रदीप केले'. माझी खरी हरकत अर्थावर आहे. निष्प्रदीप म्हणजे जिथे दिवाच नाही. ब्लॅकआउटमध्ये शत्रूच्या विमानांना शहर दिसू नये म्हणून रस्त्यावरचे दिवे मालवतात, पण घरात दिवा चालतो, फक्त त्याची तिरीप बाहेर जाता कामा नये. ब्रिटनमध्ये १ सप्टेंबर १९३९ ला, म्हणजे त्यांनी युद्ध पुकारण्याच्या दोन दिवस आधी, ब्लॅकआउट लागू झाला. तिथे लोक रोज संध्याकाळी जाड काळे पडदे ओढून घ्यायचे आणि आत जेवणखाण, वाचन चालू असायचं. मोटारींच्या दिव्यांवर झडपा बसवल्या आणि फुटपाथच्या कडा पांढऱ्या रंगवल्या. शहर अंधारात बुडलं, असं लिहिलं की ही सगळी खटपट नजरेआड होते आणि वाचकाला वाटतं, लाइट गेले होते. आपल्याकडे भारनियमनाची सवय असल्यामुळे तर हा गैरसमज फार पटकन होतो. म्हणून लेखात 'ब्लॅकआउट'च ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात उलगडून सांगा.

कॅमफ्लाजला, म्हणजे शत्रूला ओळखू येऊ नये म्हणून एखादी गोष्ट लपवण्याला, 'छद्मावरण' म्हणतात. १९७१ मध्ये ताजमहालावर कापड घातलं होतं, तिथे हा शब्द अगदी चपखल आहे, कारण खरोखरच आवरण होतं. दुसऱ्या महायुद्धात रशियातल्या लेनिनग्राडमध्ये सेंट आयझॅक चर्चचा सोनेरी घुमट राखाडी रंगवला, तिथेही निभावेल. पण अमेरिकेत सिएटलला बोइंगच्या विमान कारखान्याच्या छपरावर लाकूड, तरट, जाळी वापरून घरं, झाडं, रस्ते असं अख्खं खोटं गाव उभं केलं होतं! ते नुसतं झाकणं नव्हे, ते सोंग आहे. आणि १९४० च्या अखेरीस ब्रिटिशांनी शहरांपासून दूर मोकळ्या रानात खोट्या आगी पेटवायला सुरुवात केली, म्हणजे वैमानिकांनी बॉम्ब तिथेच टाकावेत. त्याला आपल्याकडे 'हूल देणं' हा तयार शब्द आहे. तिन्ही प्रकारांना सरसकट 'छद्मावरण' म्हणू नका.

पुरवणी (खडकी): नारायण पेठेतल्या काकांचं म्हणणं पटलं. ७१ साली आमच्या वसाहतीत कुणाच्याही तोंडी निष्प्रदीप नव्हता. 'आज ब्लॅकआउट आहे' असंच म्हणायचे. खिडक्यांना काळे कागद खळीने चिकटवले होते, काचांवर कागदी पट्ट्यांची फुली मारली होती, म्हणजे काच फुटली तरी तुकडे अंगावर उडू नयेत. आई आतून दिवा लावायची आणि मी अंगणात जाऊन फट दिसते का ते बघायचो. सायरनला सगळे 'भोंगा'च म्हणत: खालीवर होत वाजला की धोका, सलग वाजला की धोका टळला. एक सुचवतो, क्रियापद 'पाळणे' घ्या. 'ब्लॅकआउट झाला' म्हटलं की तो आपोआप झाल्यासारखा वाटतो, आणि तो तर घराघरातून माणसांनी करायचा असे.

प्रश्नकर्ता: दोघांचेही आभार. वाक्य असं केलंय: 'त्या डिसेंबरात लोकांनी ब्लॅकआउट पाळला, घरात दिवे होते, पण उजेड बाहेर जाऊ दिला नाही.'

उत्तर (नारायण पेठ): छान. फक्त 'उजेड'च्या आधी 'त्यांचा' घाला.