परवडणारी जुनी युरोपीय कूपे: बाहेरून आणावी की देशातलीच शोधावी?

देवगिरी_पायथा (छत्रपती संभाजीनगर)

पूर्वी व्हिंटेज म्हणून १९५० च्या आधीच्याच गाड्या परदेशातून आणता यायच्या. २०२५ मध्ये ती अट बदलली आणि ५० वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांना वाट मोकळी झाली. तेव्हापासून आपल्या ओळखीतले कितीतरी जण ब्रिटनमधल्या जाहिराती एकमेकांना पाठवायलेत. व्होल्वो पी१८००, लान्चिया फुल्व्हिया, फोर्ड कॅप्री, ओपेल मांटा. सगळ्याच देखण्या. पण मराठवाड्यात राहून, बेताच्या पैशात कूपे (उतरत्या छताची दोनदारी गाडी) पाळायची असेल तर ब्रिटनच्या एमजी कंपनीच्या एमजीबी जीटीशिवाय दुसरीकडे बघू नये, असं माझं ठाम मत आहे.

१९६५ ला आलेल्या या गाडीत बीएमसीचं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी-सिरीज इंजिन आहे, १७९८ सीसीचं. आपल्या अँबेसेडरमध्ये वर्षानुवर्षं जे १४८९ सीसीचं इंजिन होतं, ते याच घराण्यातलं. कार्बोरेटरही एसयू कंपनीचाच, फक्त एकाच्या जागी दोन. ज्या मिस्त्रीनं उमेदीत अँबेसेडरच्या टॅक्स्या खोलल्या, तो हिचं बॉनेट उघडून बिचकणार नाही. असे हात परभणीत, बीडला, आमच्या जालना रोडला अजून आहेत. फुल्व्हियाचं व्ही-४ इंजिन इथं कोण खोलणार? गाडीची किंमत एकदाच मोजायची असते, मिस्त्री मात्र कायम लागतो.

ब्रिटनमध्ये चालू स्थितीतली जीटी साधारण ५ ते ७ हजार पौंडांत मिळते. स्टिअरिंग उजवीकडे. १९७४ च्या शेवटी काळे रबरी बंपर आले, त्या गाड्या क्रोम बंपरवाल्यांपेक्षा स्वस्त जातात. आणि १९७५ च्या गाड्यांनीही आता पन्नाशी गाठली आहे.

शेंद्रा_शिफ्ट

दादा, मिस्त्रीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण "परवडणारी" हा शब्द तुम्ही ब्रिटनच्या रस्त्यावर उभं राहून वापरताय. ६ हजार पौंड म्हणजे ७ लाखांच्या आसपास. त्यात जहाजभाडं आणि विमा मिळवा. या बेरजेवर सीमाशुल्क, त्यावर जीएसटी. कराची रक्कमच गाडीच्या किमतीच्या दुपटीच्या वर जाते. गाडी न्हावाशेवाच्या गेटबाहेर येईपर्यंत २५ लाख ओलांडलेले असतात.

आणि एवढं करून चालवणार कुठं? २०२१ च्या व्हिंटेज नियमांनुसार नोंदणी केली की गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला नेता येते. रोजची ये-जा त्यात बसत नाही. समृद्धीवर रविवारी चक्कर मारायचं स्वप्न असेल तर आधी नियम वाचा.

गोदातीर_नांदेड

शेंद्रावाल्या भाऊंशी सहमत, आणि पुढं जाऊन म्हणतो, बाहेर जायचंच काहून? स्टँडर्ड हेराल्ड विसरलात का? मूळची ट्रायम्फ, रेखाटन इटलीच्या जिओव्हानी मिकेलोत्तीचं, १९६१ पासून मद्रासला बनायची. सुरुवातीच्या गाड्या दोन दारांच्या. अख्खं नाक पुढं उलटतं, दोन्ही बाजूंनी इंजिनापाशी बसून काम करता येतं. चासी वेगळी, त्यामुळं बॉडीचं काम सोपं. तिचीही पन्नाशी झालीय, म्हणजे तीच व्हिंटेज नोंदणी तिलाही. सीमाशुल्क नाही, जहाज नाही.

फक्त कागद बघून घ्या. मूळ आरसी, चासी नंबर, इंजिन नंबर, परराज्यातली असेल तर एनओसी. कागद नसलेली गाडी कुणी भंगाराच्या भावात देत असला तरी घेऊ नये.

देवगिरी_पायथा

हेराल्डबद्दल मला आदर आहे, पण ती सलून आहे. कूपे ब्रिटनमध्ये निघाली, मद्रासला नाही. माणूस जीटीचं उतरतं छत आणि मागचा काचेचा दरवाजा बघून वेडा झालेला असतो, त्याला हेराल्ड देऊन समाधान होत नाही.

आणि २५ लाख म्हणताय, तर इथं २५ लाखांच्या नव्या एसयूव्ही रांगा लावून घेतल्या जातात. २०१० मध्ये आपल्याच शहरात एका दिवसात दीडशेच्या आसपास मर्सिडीज घेतल्या गेल्या होत्या. पैसा नाही असं नाही, तो कशावर घालायचा हा प्रश्न आहे.

जालनेकर_४२अंश

ऑडीची टीटी कूपे का नको? सेकंडहँडमध्ये मिळते, रोज चालवता येते.

शेंद्रा_शिफ्ट

टीटी आयात गाडी. वीस वर्षं उलटली की नोंदणी नूतनीकरणाचे ८०,००० रुपये. व्हिंटेजला पहिली नोंदणी २०,००० आणि दहा वर्षांनी पुन्हा ५,०००. शिवाय त्या गिअरबॉक्सचा मेकॅट्रॉनिक (गिअर बदलणारा इलेक्ट्रॉनिक भाग) बिघडला तर कुठलाच रोडसाइड मिस्त्री हात लावत नाही. माझी ना.

पत्रा_पेंट_लातूर

सगळे इंजिनावर बोलायलेत. मी डेंटिंग-पेंटिंगमधला माणूस, मला पत्रा दिसतो. जीटी मोनोकॉक आहे, म्हणजे वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार पेलते. दाराखालचे सिल हेच तिचा कणा, आणि ब्रिटनच्या पावसात, रस्त्यावरच्या मिठात तेच आधी सडतात. वरून रंग मारून विकायला काढलेली गाडी फोटोत झकास दिसते. जॅकवर उचलली आणि दार अडकायला लागलं, तर समजा आतून पोकळ.

कुणी म्हणेल, नवीन बॉडी शेल मिळतं की. मिळतं, ब्रिटिश मोटर हेरिटेज नावाची कंपनी बनवते. पण आपल्या व्हिंटेज नियमात गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात फेरबदल केला की ती त्या व्याख्येतून बाहेर पडते. म्हणजे सडकी गाडी स्वस्तात आणून इथं नवी करू, हा विचारच चालत नाही. अँबेसेडरचं इंजिन उचलून त्यात टाकू म्हणणाऱ्यांनाही हेच लागू.

आपली हवा कोरडी, इथं आलेला चांगला पत्रा पुढं टिकतो. पण तो आधी चांगला असायला पाहिजे. स्वस्त जीटी घेऊ नका, महाग घ्या. ते जमत नसेल तर नांदेडच्या सरांचं ऐका.

वायरिंग_परभणी

दोन गोष्टी. १९६७ च्या शेवटापर्यंतच्या एमजीबीला पॉझिटिव्ह अर्थ असतो, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं. आपल्याकडचा पोरगा सवयीनं बॅटरी उलटी लावणार आणि वायरिंग जाळणार. नंतरच्या गाड्या निगेटिव्ह अर्थ आणि अल्टरनेटरच्या, त्याच बघा. दुसरं, आता पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल येतं. जुन्या रबरी नळ्या आणि कार्बोरेटरचे सील ते खातं. पेट्रोलच्या सगळ्या नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या टाकल्याशिवाय इंजिन चालू करू नका, आपल्या उन्हाळ्यात गळकी नळी म्हणजे आगीला आमंत्रण. हेराल्डलाही हेच.

गोदातीर_नांदेड

लातूरचे दादा बोलले तेच माझं म्हणणं. महागातली जीटी घेतली तर कर त्याच प्रमाणात वाढणार, म्हणजे आकडा ३० च्याही वर. मग तिला परवडणारी कोण म्हणेल? हेराल्डच्या समोर उभं राहून, खाली झोपून, टाचणीनं टोचून बघता येते. साता समुद्रापारची गाडी फोटोवर घ्यावी लागते.

देवगिरी_पायथा

फोटोवर नाही घेणार. तिथं राहणारा आपला माणूस आधी जॅकवर उचलून बघेल. आकडा वाढला तर एक वर्ष थांबेन, पण जीटीच घेईन. लातूरकर दादा, १९७५ ची एक गाडी नजरेत आहे. सिल आणि पायाखालच्या पत्र्याचे फोटो मागवलेत, आले की इथं टाकतो. तुम्ही बघून सांगा, मगच टोकन देईन.