पंचशील मोडलं तरी म्हणायचं का?

कोणीतरी विचारलंय की सकाळी पंचशील, म्हणजे बौद्धांचे वागण्याचे पाच नियम, म्हणायचं आणि दुपारपर्यंत मोडायचं, मग म्हणून उपयोग काय. प्रश्न रास्त आहे, पण म्हणताना आपण 'सिक्खापदं समादियामि' म्हणतो ना, त्यातल्या सिक्खापदं या शब्दाकडे कोणाचं लक्षच जात नाही. सिक्खापद म्हणजे शिकण्याचा नियम, तो आपण स्वतःहून घेतो, वरून कोणी हुकूम सोडलेला नाही. म्हणून मोडला तरी दुसऱ्या दिवशी परत घेता येतो.

मी चौथं शील, मुसावादा, म्हणजे खोटं बोलण्यापासून दूर राहायचं, एवढं एकच धरलं. फोनवर 'निघालोय, पाच मिनिटांत पोचतो' म्हणायची सवय होती, पायात चपलासुद्धा नसायच्या तेव्हा. आता 'अजून घरीच आहे, अर्धा तास लागेल' असं सांगतो. पहिले काही दिवस जीभ अक्षरशः अडखळायची, समोरचा चिडायचा पण, पण हळूहळू लोक माझ्या वेळेवर विसंबून राहायला लागले. आणि बाबासाहेबांनी धर्मांतराच्या वेळी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतल्या फक्त देव न मानण्याच्याच कायम चर्चेत असतात, बारावी दहा पारमिता, म्हणजे अंगी बाणवायचे दहा सद्गुण, पाळण्याची आहे, त्यात सत्य आहे, क्षांती म्हणजे सहनशीलता आणि मैत्री पण आहे. त्यावर विहारात कोणी बोलतच नाही, याचं खरंच वाईट वाटतं.