मदत हवी आहे: ब्रिटिश कौन्सिलच्या अर्जात 'बिहेवियर्स'खाली काय लिहायचं?

शाईपेन
पुण्यात असते. एम.ए. इंग्लिश, कॉलेजच्या परीक्षा विभागात चार वर्षं. ब्रिटिश कौन्सिलच्या शिक्षक-प्रशिक्षण प्रकल्पातल्या पदासाठी अर्ज करतेय, पाच दिवस उरलेत.
१) बायोडेटा दिल्यावर 'बिहेवियर्स'ची, म्हणजे कामात आपण कसे वागतो याची, वेगळी उत्तरं कशाला? मी लिहिलंय: 'आम्ही परीक्षांचं सगळं नियोजन वेळेत पार पाडतो.' चालेल?
२) हे नाही जमलं तर तिथेच आयेल्ट्सची (इंग्रजीच्या चाचणीची) परीक्षक होता येईल का?
३) पोलीस पडताळणी आत्ताच काढू का?

गवतीचहा
आधी दुसरा प्रश्न, कारण तिथे बऱ्याच जणांची गल्लत होते. भारतातला आयेल्ट्सचा कारभार ब्रिटिश कौन्सिलनं २०२१ मध्ये आयडीपी या ऑस्ट्रेलियन कंपनीला विकला. परीक्षेची मालकी अजून कौन्सिल, आयडीपी आणि केंब्रिज यांची मिळून आहे, पण परीक्षक व्हायचं तर इथे आयडीपीकडेच जावं लागेल. कौन्सिलकडे केंब्रिजच्या शालेय परीक्षांसारखी कामं आहेत. तिथे पर्यवेक्षक ३० विद्यार्थ्यांमागे एक, बाकांमध्ये निदान सव्वा मीटर अंतर. तुमचा अनुभव त्याला जवळचा आहे. शिकवण्या घेत असाल तर मात्र आधीच सांगून टाका. तुमचाच विद्यार्थी हॉलमध्ये निघाला तर पंचाईत.

आता तुमचं वाक्य. नाही चालणार. 'आम्ही'त तुम्ही कुठे आहात? उत्तराला गुण देताना बघतात ते प्रसंग काय होता, काम कोणावर होतं, तुम्ही नेमकं काय केलंत आणि शेवटी काय झालं. साधारण असं लिहा:

'परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी १२ पैकी ३ पर्यवेक्षक येणार नाहीत असं कळलं. मी राखीव यादीतल्या पाच जणांना फोन केले, तिघांना सकाळी ८ वाजता बोलावून अर्धा तास सूचना दिल्या. पेपर ठरल्या वेळी सुरू झाला.'

आकडे अर्थात तुमचे खरे घाला, मुलाखतीत त्यावरच खोदून विचारतात. निम्म्याहून जास्त शब्द 'मी काय केलं' यावर जाऊ द्या. लोक प्रसंगाचं वर्णन करण्यातच शब्दमर्यादा संपवतात. रोल प्रोफाइलमध्ये (पदाच्या माहितीपत्रकात) जेवढी बिहेवियर्स अर्जासाठी मागितली आहेत तेवढ्यांचीच उत्तरं द्या, प्रत्येकाला वेगळा प्रसंग.

ओसरी
ताई, प्रकल्प शाळांचा असेल तर मराठी येतं हे ठळक लिहा. राज्य शासन आणि टाटा ट्रस्ट्सबरोबरच्या कौन्सिलच्या 'तेजस' प्रकल्पात प्राथमिक शिक्षकांचे गट करून त्यांच्या बैठका घेतल्या जात. अशा कामात केंद्रप्रमुखाशी, जिल्हा परिषदेच्या गुरुजींशी बोलता येणं हे निम्मं काम.

पोलीस पडताळणी आत्ता नको, निवड झाल्यावर मागतील तेव्हा काढा. पासपोर्ट ऑफिसचं पीसीसी (पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट) परदेशी जाणाऱ्यांसाठी. इथल्या नोकरीला पोलीस आयुक्तालयाचा चारित्र्य पडताळणीचा दाखला, त्याचा अर्ज ऑनलाइन होतो. आज काय तपासायचं, तर नाव. पदवीवर माहेरचं आणि आधारवर सासरचं असेल तर सगळं तिथेच अडतं. विवाह नोंदणीचा दाखला किंवा नावबदलाचं राजपत्र हाताशी ठेवा.

नेमणूक कोण करतंय तेही बघा. भारतात कौन्सिलच्या कामासाठी बीसी एज्युकेशन इंडिया प्रायव्हेट लिमिटेड आणि नोएडाची बीसी मॅनेजमेंट सर्व्हिसेस अशा कंपन्याही आहेत. मुदतीचा करार की कायम, भविष्यनिर्वाह निधी, सूचनेचा काळ, हे नेमणूकपत्रावरच्या नावाप्रमाणे तपासायचं. आणि 'नोंदणी फी भरा' असा मेल आला तर सरळ डिलीट. भरतीसाठी पैसे घेत नाहीत.

शाईपेन
आभार! उत्तर नव्यानं लिहिते. पदवीवर माहेरचंच नाव आहे, दाखला शोधते. शेवटची वेळ '२३:५९ यूके टाइम' दिलीय, म्हणजे आपल्याकडे?

गवतीचहा
त्यांचा उन्हाळी वेळ चालू असेल तर आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे ४:२९, हिवाळ्यात ५:२९. पण त्यावर विसंबू नका, आदल्या दुपारीच पाठवा. उत्तरं वर्डमध्ये लिहून मग चिकटवा, पान मध्येच लॉगआउट झालं तर लिहिलेलं जातं.